समाजकार्याच्या मुली गावात येतात तेव्हा



आपल्या भागातल्या गावांत अधूनमधून कॉलेजच्या मुली-मुलं येतात. खांद्याला पिशवी, हातात वही. गटाच्या मीटिंगला मागच्या बाजूला बसतात. हळूहळू बोलायला लागतात. गटात किती जणी? कर्ज कशासाठी घेतलं? मुलगी कितवीत? घरात निर्णय कोण घेतं? चार-सहा महिने येतात आणि मग दिसेनाशा होतात. मग आपण आपसांत म्हणतो, "आल्या, लिहून घेतलं, गेल्या. आपल्या पदरात काय पडलं?"

प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर शोधायचं तर या मुली मुळात येतात कशाला, त्यांना गावात पाठवायची रीत कुणी आणि का सुरू केली, हे माहीत हवं. आजच्या बोलण्यात तो इतिहास सांगणार आहे. त्यातला बराच भाग आपल्याच नगर जिल्ह्यातून जातो. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण जुन्या गोष्टी सांगताना तोंडी नगरच येतं, ते समजून घ्या.

पोहायला शिकवतात तसं

समाजकार्याच्या शिक्षणात दोन अंगं असतात. एक वर्गातलं आणि दुसरं गावातलं, वस्तीतलं, दवाखान्यातलं. या दुसऱ्याला क्षेत्रकार्य म्हणतात. मुलं त्याला सरळ फील्डवर्क म्हणतात. आठवड्यातून साधारण दोन दिवस प्रत्यक्ष कामावर जायचं. जे पाहिलं, केलं, ते वहीत लिहायचं. मग आठवड्याला एकदा मार्गदर्शक शिक्षकांसमोर बसून त्यावर बोलायचं. कधी एकटीनं, कधी सगळ्या मुलांच्या गटात.

आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवतात ते आठवा. काठावर बसून कुणी पोहायला शिकत नाही, पाण्यात उतरावंच लागतं. पण नुसतं ढकलून दिलं तर पोर बुडेल. म्हणून पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधतात, आणि काठावर जाणतं माणूस बसतं. ते ओरडून सांगतं, "पाय मार, मान वर धर, घाबरू नको." क्षेत्रकार्य म्हणजे पाण्यात उतरणं. मार्गदर्शकासोबतची चर्चा म्हणजे काठावरचं जाणतं माणूस. दोन्ही लागतात. आजची सगळी गोष्ट या दोन्हींची आहे, आणि त्यातलं एक सुटलं की काय होतं त्याची आहे.

कॉलेज नव्हतं तेव्हा

समाजाचं काम शिकवण्याची कॉलेजं आली त्याच्या कितीतरी आधी बायका हे काम करून शिकत होत्या.

अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ साली सुरू झालं. त्या मिशनच्या सिंथिया फरार नावाच्या बाईंनी नगरमध्ये मुलींसाठी शाळा चालवल्या. लग्न न केलेली, सातासमुद्रापलीकडून आलेली ही बाई १८६२ साली वारली ती इथेच. जोतीराव फुल्यांनी नगरला त्यांची मुलींची शाळा पाहिली आणि तिचा त्यांच्यावर परिणाम झाला. सावित्रीबाईंनीही शिकवण्याचं शिक्षण काही काळ या मिस फरार यांच्याकडे घेतलं, असं त्यांच्या चरित्रांत नोंदलेलं आहे. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा भरली. त्या शाळेमागे नगरच्या शाळेत पाहून घेतलेले धडेही होते. शिकवणं असं पाहून आणि करून शिकता येतं, याचा हा आपल्या घरातला दाखला.

पुढे १९०५ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाज काढला. त्यात येणाऱ्या तरुणाला लगेच कार्यकर्ता म्हणत नसत. पाच वर्षं त्यानं शिकायचं. अभ्यास करायचा, देश फिरून पाहायचा, जाणत्या माणसाच्या नजरेखाली काम करायचं. त्याच समाजातले ना. म. जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणी कामगारांच्या वस्त्यांत वाचनालयं, रात्रशाळा सुरू केल्या. इकडे पुण्यात १९०९ साली रमाबाई रानड्यांनी सेवासदन उभं केलं. तिथे शिकलेल्या बायका ससून रुग्णालयात परिचारिकेचं काम शिकायला जाऊ लागल्या. ज्या काळात चांगल्या घरची बाई परक्या माणसाला हात लावत नव्हती, त्या काळात त्या खाटेजवळ उभ्या राहून शिकल्या.

ही सगळी माणसं काम करून शिकत होती. पण त्याचा ठरलेला अभ्यासक्रम नव्हता, पदवी नव्हती. ती पुढची पायरी.

नागपाड्याची शाळा

साधारण त्याच काळात परदेशातही हे मंथन चाललं होतं. १८८४ साली लंडनच्या गरीब वस्तीत टॉयन्बी हॉल नावाचं घर उघडलं. विद्यापीठात शिकलेले तरुण तिथे राहायला जायचे. हेतू असा की गरिबी पुस्तकात वाचू नका, शेजारी राहून पाहा. ते पाहून जेन ॲडम्स आणि त्यांच्या मैत्रिणीनं १८८९ साली शिकागोत हल हाऊस काढलं. मेरी रिचमंड नावाच्या आणखी एक बाई होत्या. गरिबांना मदत करणाऱ्या संस्थांत त्या काम करायच्या. १८९७ साली त्यांनी जाहीरपणे मांडलं की, या कामाला नुसतं चांगलं मन पुरत नाही, त्याचं शिक्षण हवं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला उन्हाळ्यातला एक छोटा वर्ग सुरू झाला. त्यातून समाजकार्याच्या शाळा निघाल्या.

आपल्या देशात ही शाळा आली १९३६ साली, मुंबईत. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे गृहस्थ अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईला आले होते. म्हणजे ज्या मिशनच्या फरारबाई नगरला होत्या, तेच मिशन. नागपाड्यासारख्या दाट, गरीब वस्तीत त्यांनी नेबरहूड हाऊस चालवलं. तिथे वस्तीतल्या लोकांसाठी वर्ग, खेळ, दवाखाना चाले. टाटांच्या पैशातून आणि मॅनशार्ट यांच्या पुढाकारातून तिथेच सर दोराबजी टाटा समाजकार्य शाळा सुरू झाली. १९४४ साली तिचं नाव टाटा समाजविज्ञान संस्था झालं.

एक गोष्ट लक्षात घ्या. देशातली पहिली समाजकार्याची शाळा एखाद्या मोठ्या कॉलेजच्या आवारात उघडली नाही, वस्तीत उघडली. दाराबाहेर पाऊल टाकलं की अभ्यासाचा विषय समोर उभा.

मग कामाची क्षेत्रं वाढत गेली. १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रुग्णांसाठी समाजकार्यकर्ता नेमला गेला. देशातली अशी ती पहिली नेमणूक. फाळणी झाली तेव्हा कुरुक्षेत्राला निर्वासितांची प्रचंड छावणी पडली. टाटा संस्थेतले शिक्षक आणि विद्यार्थी तिथे कामाला गेले. सगळं गमावून आलेल्या माणसाशी काय बोलायचं, हे कुठल्या पुस्तकात मिळणार? १९४८ साली कारखाने कायदा आला. ज्या कारखान्यात ५०० किंवा त्याहून जास्त कामगार आहेत, तिथे कल्याण अधिकारी नेमणं सक्तीचं झालं. शिकलेल्या समाजकार्यकर्त्यांची गरज वाढली आणि कॉलेजंही वाढली. १९५५ साली मुंबईत निर्मला निकेतन, १९६३ साली पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था. नगरला डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली अहमदनगर कॉलेज काढलं होतं. त्याच परिवारातून पुढे ग्रामीण विकासाचा आणि समाजकार्याचा अभ्यास शिकवणारी संस्था उभी राहिली. १९८० च्या दशकात टाटा संस्थेनंही तुळजापूरला ग्रामीण केंद्र काढलं.

स्टेशनवर उतरणं म्हणजे गावात पोचणं नव्हे

पण मैत्रिणींनो, ही पद्धत जन्मली शहरात. लंडन, शिकागो, नागपाडा. खेड्यांकडे ती उशिरा आली, आणि बरीच वर्षं आली ती दहा दिवसांच्या शिबिरासारखी.

आपल्या बेलापूरचंच पाहा. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ साली सुरू झाली आणि स्टेशनला नाव मिळालं बेलापूर. पण ते स्टेशन आहे आजच्या श्रीरामपुरात. बाहेरचा माणूस बेलापूरची पाटी वाचून उतरतो आणि मग त्याला कळतं, प्रवरेकाठचं बेलापूर अजून पुढे आहे. शहरात शिकलेल्या कार्यकर्त्याचं खेड्याशी असंच होतं. पाटी वाचून त्याला वाटतं आपण पोचलो.

आपल्या भागाचंच उदाहरण घेऊ. भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झालं, कालव्यांना पाणी आलं, ऊस आला. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना, मग आणखी कारखाने. १९४८ च्या कायद्यानं अशा कारखान्यांत कल्याण अधिकारी आला. पण ऊस तोडायला येणारी बाई त्या अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत पोचली का? ती मुकादमाकडून उचल घेऊन येते. नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणतात. कारखान्याच्या हजेरीपटावर तिचं नाव सहसा नसतं. कायदा शहरातली गिरणी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला, त्यामुळे फडातली बाई त्यातून निसटली. हे असं निसटलेलं माणूस दिसावं, म्हणून तर क्षेत्रकार्य असतं.

वहीतलं एक वाक्य

आता समजा, एखादी विद्यार्थिनी ऊसतोड मजुरांच्या तळावर गेली. संध्याकाळी तिनं वहीत लिहिलं, "येथील पालकांना शिक्षणाचे महत्त्व वाटत नाही." वाक्य छान आहे, अहवालात शोभून दिसतं. इथे मार्गदर्शकाचं काम सुरू होतं.

बाई विचारतात, "हे तू पाहिलंस, की तुला वाटलं?"

मुलगी म्हणते, "मुली शाळेच्या वेळेला कोपीपाशीच होत्या."

"काय करत होत्या?"

"एक लहान भावाला सांभाळत होती. एक पाणी भरत होती."

"त्यांची आई फडात किती वाजता जाते?"

"ते विचारलं नाही."

"मग जा आणि विचार."

पुढच्या खेपेला मुलगी विचारते. आई उजाडायच्या आधी जाते, कधी रात्री गाडी भरायलाही जावं लागतं. तान्ह्या मुलाला ठेवायला कुणी नाही, म्हणून मोठी बहीण घरी. शाळा तळापासून लांब, वाटेवर वाहनं. इथल्या शाळेत नाव लावायला कुणाला भेटायचं ते माहीत नाही. आता वहीतलं पहिलं वाक्य पुसावं लागतं. महत्त्व वाटत नाही असं नाही, बाळ सांभाळायला कुणी नाही. पहिल्या वाक्यावर उपाय काय? पालकांना भाषण. दुसऱ्या वाक्यावर उपाय वेगळा. तळाजवळ पाळणाघर, अंगणवाडीशी बोलणं, मुख्याध्यापकांना भेटणं. वहीतलं एक वाक्य बदललं की पुढचं सगळं काम बदलतं.

यालाच मार्गदर्शनाखालचं चिंतन म्हणतात. शब्द जड आहे, पण अर्थ साधा. जे केलं त्याकडे पुन्हा वळून पाहायचं, पण एकटीनं नाही. कुणीतरी प्रश्न विचारणारं समोर हवं. अमेरिकेत जॉन ड्यूई नावाच्या शिक्षणतज्ज्ञांनी मांडलं होतं की अनुभव आला म्हणजे शिक्षण झालं असं नाही, त्या अनुभवाचा विचार झाला तर शिक्षण. १९८३ साली डोनाल्ड शॉन यांनी यावर पुस्तकच लिहिलं. चांगला कारागीर, चांगला डॉक्टर काम करता करता विचार करतो, असा त्याचा गाभा. आपल्याला हे नवं नाही. दहा वर्षं भाकरी थापणारी बाई पीठ हाताला लागताच ओळखते की पाणी जास्त झालं. पण सुनेला शिकवताना ते बोलून दाखवावं लागतं. चिंतन म्हणजे हातातलं शहाणपण तोंडावर आणणं.

आणि हेच पहिलं सुटतं. कॉलेजं वाढली, मुलं वाढली, एका शिक्षकाच्या वाट्याला खूप विद्यार्थी आले की आठवड्याची चर्चा महिन्यावर जाते. वहीवर नुसती सही होते. मग वह्या एकमेकींच्या पाहून लिहिल्या जातात. दोन दिवस भरले, हजेरी लागली, गुण मिळाले. पाण्यात उतरणं राहिलं, काठावरचं माणूस उठून गेलं. तोटा मुलीचा होतोच, पण जास्त आपला होतो. कारण तीच मुलगी उद्या कुठल्यातरी योजनेत, संस्थेत, कार्यालयात बसते. आपल्याबद्दलचं पहिलंच वाक्य तिच्या मनात कायम राहिलेलं असतं.

जामखेडच्या बायका

आता आपल्या जिल्ह्यातल्या सगळ्यांत मोठ्या धड्याकडे येऊ. त्यात शिकणाऱ्या कॉलेजच्या मुली नव्हत्या, गावातल्या बायका होत्या.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं आधी नेवासा तालुक्यात वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम करत होतं. त्यांच्या लक्षात आलं की दवाखान्यात येणारे बरेचसे आजार गावातच टाळता येण्यासारखे आहेत. १९७० साली ते जामखेडला गेले. आधी त्यांनी शिकलेल्या नर्स गावात पाठवून पाहिल्या. त्या तरुण मुली परक्या गावात एकट्या राहीनात, आणि गावही त्यांना आपलं मानेना. मग ठरलं की गावानंच आपल्यातली बाई निवडायची. निवडल्या गेलेल्या बऱ्याच जणी निरक्षर होत्या, बऱ्याच दलित होत्या.

या बायका दर आठवड्याला जामखेडला जमत. मुक्काम करत, एकत्र जेवत, एकत्र झोपत. ज्यांची एकमेकींच्या हातचं पाणी प्यायची रीत नव्हती, त्यांनी ती भिंत तिथे पाडली. आणि काय करत? गेल्या आठवड्यात गावात काय घडलं ते सांगत. कुणाचं मूल जुलाबानं दगावता दगावता वाचलं, कुठे सासूनं गरोदर सुनेला तपासायला येऊ दिलं नाही. जे जमलं तेही सांगत आणि जे फसलं तेही. मग डॉक्टर आणि बाकीच्या जणी मिळून विचारत, असं का झालं, पुढच्या खेपेला काय करायचं. थोडं नवं शिकून परत गावात. म्हणजे आठवड्याचं क्षेत्रकार्य आणि आठवड्याची चर्चा. टाटा संस्थेत पदवीसाठी जे चालायचं, तेच इथे निरक्षर बायका करत होत्या, पदवीशिवाय.

फळ काय आलं? प्रकल्पाच्या नोंदीप्रमाणे १९७१ साली त्या गावांत हजार बाळं जन्माला आली तर १७६ वर्षाच्या आत दगावत. १९९० च्या दशकात तो आकडा वीस-पंचविसापर्यंत खाली आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ साली जामखेडच्या एक आरोग्यसेविका, मुक्ताबाई पोळ, अमेरिकेत वॉशिंग्टनला मोठ्या सभेत बोलल्या. सभागृहातल्या झगमगत्या दिव्यांकडे पाहून त्यांनी सांगितलं, त्याचा आशय असा की हे दिवे सुंदर आहेत पण महाग आहेत, आणि ते दुसरा दिवा पेटवू शकत नाहीत. पणती साधी असते, पण एका पणतीवर दुसरी लावता येते.

जामखेडचा धडा हा. विचार करून शिकायला पदवी लागत नाही. पण नेमानं जमावं लागतं, खरं बोलावं लागतं, आणि फसलेली गोष्ट सांगणारीला कुणी हसणार नाही असा भरवसा लागतो.

आपण काय करायचं

तर मग सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. त्या मुली येतात, लिहून नेतात, आपल्या पदरात काय? उत्तर बरंचसं आपल्या हातात आहे. आपण त्यांच्या शिक्षणाचा निम्मा भाग आहोत. त्यांचं पुस्तक म्हणजे आपलं आयुष्य. मग त्या पुस्तकात काय लिहिलं जातं, ते विचारायचा हक्क आपला आहे.

पहिल्या दिवशीच विचारा: कोणत्या कॉलेजची, किती महिने येणार, तुझ्या मार्गदर्शक शिक्षिका कोण. त्यांना निदान एकदा तरी गटाच्या मीटिंगला यायला सांगा. काठावरच्या माणसाला विहीर दिसली पाहिजे.

दुसरं, तिचं काम ठरवताना गटाची गरजही सांगा. तिला पाहणीच करायची असेल तर आपल्याला हवी ती करू दे. वाडीवर किती जणींचं रेशनकार्ड अडलंय, किती विधवांना पेन्शन सुरू नाही. हा कागद तिच्या वहीत जाईल आणि आपल्या ग्रामसभेतही चालेल.

तिसरं, कुणाचं घरगुती दुखणं तिच्या कानावर गेलं तर नाव लिहायचं नाही, हे आधीच बोलून घ्या. चांगल्या कॉलेजात हे शिकवलेलंच असतं. आपण आठवण करून दिली तर ती जास्त जपेल.

चौथं आणि महत्त्वाचं. जाण्याआधी तिनं लिहिलेलं गटापुढे वाचून दाखवावं. मराठीत, सोप्या शब्दांत. चुकलं असेल तिथे सांगा, "बाई, असं नाही, असं आहे." तिला राग येणार नाही. उलट, पदवीत मिळणार नाही असा धडा तिला तिथे मिळेल.

आणि पाचवं, हे फक्त मुलींनी का करायचं? आपली महिन्याची मीटिंग होते. बचत जमा, हप्ता वसूल, इतिवृत्तावर सह्या, आणि उठलो. त्यात दहा मिनिटं वाढवा. तीन प्रश्न घ्या. या महिन्यात काय झालं? तसं का झालं? पुढच्या महिन्यात काय वेगळं करू? समजा एकीचा हप्ता थकला. दंड लावणं सोपं आहे. पण शेळी मेली म्हणून थकला, की दवाखान्यात गेला म्हणून, की घरच्यानं पैसे काढून घेतले म्हणून? प्रत्येक उत्तराला उपाय वेगळा. "तिला पैसे भरायचेच नाहीत" हे आपलंही वहीतलं पहिलं वाक्य असू शकतं. तेही कधी कधी पुसावं लागतं.

पुढच्या महिन्यात एखादी मुलगी वही घेऊन दारात आली, तर तिला आत बोलवा, चहा द्या, बसू द्या. आणि तिचे प्रश्न संपले की आपला एक विचारा: "आज तू काय लिहिणार आहेस, ते जरा वाचून दाखव."